पाच वाजताचा भोंगा

२२ जुलै

मिवाको,

हे पत्र म्हणजे रीतसर तक्रार आहे, तेव्हा उभ्याउभ्या वाचू नकोस. बसून घे.

तक्रार तुझ्या घड्याळाविरुद्ध. म्हणजे चिसातोच्या मनगटावर तू बांधून पाठवलेलं ते निळं यंत्र, जे वेळ सोडून बाकी सगळं सांगतं. आज दुपारी मी आणि माझी मुलगी समोरासमोर बसून गार शेवया खात होतो. किसलेल्या आल्याच्या शेवटच्या चिमटीवरून आमची बोलणी चालली होती. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला आणि त्याने मला अत्यंत गांभीर्याने कळवलं, ‘आपले मूल घरी पोहोचले आहे.’ मी मान वर करून पाहिलं. पोहोचलं होतं. शेवईचं एक टोक अजून हनुवटीवर होतं. मग ती वाडगा घेऊन जिन्यात जाऊन बसली, तिथे वारा येतो म्हणून. ‘आपले मूल घराबाहेर पडले आहे.’ आल्यासाठी परत आली. ‘पोहोचले आहे.’ इतक्या वेळा घर सोडून परत येणारं आमच्या गावात बंदरावरच्या मांजरांखेरीज कुणी नाही.

प्रत्यक्ष प्रमाण समोर बसून सुरसुर आवाज करत जेवत असताना अनुमानाची गरज पडत नाही, हे मी पोरांना इतकी वर्षं शिकवत आलो. तुझ्या घड्याळाचं न्यायशास्त्र कच्चं आहे.

पोटतक्रार दप्तराला लोंबणाऱ्या, संकटात ओढायच्या दोरीची. मला वाटलं शिवण उसवलीय, म्हणून ओढली. त्यानंतर जो आवाज झाला तो तू नागोयात ऐकला नसशील तर नवल. माझी घरमालकीण तात्सुए आजी खालून टोफू कापायची सुरी घेऊन जिना चढून आली. तिच्या खालच्या टोफूच्या दुकानाच्या दारावर ती पिवळी पाटी आहे ना, ‘मुलांनो, भीती वाटली तर इथे या’, ती पाटी ती फार मनावर घेते.

“कुठाय तो? कुठाय चोर?”

चिसातोने शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. “हे आहेत.”

तुझ्या सूचनांची चळत मी पहिल्या रात्रीच वाचून काढली. दिवसभर आणीबाणीच्या फोनवर बसून ‘आग लागलीय की रुग्णवाहिका हवी?’ विचारणारी बाई स्वतःच्या मुलीला मोघम सूचना देऊन पाठवेल अशी माझी अपेक्षा नव्हतीच. गावाचं नाव तिच्या त्या ऑनलाइन खेळात कुणाला सांगायचं नाही. फोटो पाठवायचा नाही. खेळाची वेळ चार ते पाच. सगळं मान्य. एक कलम मात्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं, ‘जो माणूस आईला सांगू नकोस म्हणेल, त्याच्याबद्दल जवळच्या मोठ्या माणसाला लगेच सांगायचं. मग तो माणूस कुणीही असो.’ मी विचारलं, “कुणीही असो म्हणजे? यात मीही आलो का?” ती विचारात पडली. म्हणाली, “आईला विचारून सांगते.”

मला ती अजून ‘तुम्ही’ म्हणते. पाहुण्यांकडे आल्यासारखी चपला अगदी काटकोनात लावून ठेवते. पण आली आहे. तू पाठवलंस. एकमेकांना फोन करायचा नाही, दर आठवड्याला पत्र, आणि ‘यंदाचा उन्हाळा बघू, मग पुढचं ठरवू’ या तुझ्या सगळ्या अटी मला मान्य आहेत. याहून अवघड अटींवरही मी सही केली असती, हे तुझ्या वकिलांना सांगू नकोस.

आभारी,
कुनिहिको


३० जुलै

मिवाको,

सकाळच्या रेडिओवरच्या कवायतीला आम्ही न चुकता जातो. देवळाच्या पटांगणात सगळी पोरं हात वर करतात, खाली करतात, आणि मग गळ्यातल्या कार्डावर शिक्का मारून घेतात. शिक्का मारायचं काम तात्सुए आजीकडे आहे. परवा तिने माझ्याही मनगटावर मारला. “मास्तर, तुमचे गुडघे वाकत नाहीत, पण आलात म्हणून.”

बोन, म्हणजे पितरांचे दिवस, जवळ आल्याने देवळातून माझ्याकडे लाकडी पट्ट्यांचे भारे येताहेत. थडग्यामागे उभ्या करायच्या या पट्ट्यांवर बीजाक्षरं लिहायला गावात माझ्याशिवाय कुणी नाही. एवढं संस्कृत शिकून शेवटी मी मेलेल्यांचे पत्ते लिहितो, असं चिसातोचं मत पडलं. तिने एक अक्षर शिकून घेतलं आणि माझ्या पंख्यावर लिहिलं. मी तो पंखा वापरणं बंद केलं आहे. भिंतीवर लावला आहे.

आता तुझ्या यंत्रांविरुद्ध माझा मुख्य युक्तिवाद. आमच्या गावाला मूल घरी बोलावण्यासाठी घड्याळ लागत नाही. रोज पाच वाजता बंदरावरच्या खांबाचा भोंगा वाजतो. इतर गावांत सगळीकडे त्याच त्या नेहमीच्या चाली. आमची मात्र आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी पूर्वी बांधलेली. आधी जुन्या फेरीबोटीसारखे लांब सूर, मग एक गिरकी. ही धून जगात दुसरीकडे कुठेही वाजत नाही. ती ऐकली की धक्क्यावर गळ टाकून बसलेली पोरं आपोआप उठतात. बॅटरी नको, चार्जिंग नको. त्यासाठी मी खिडकी सताड उघडी ठेवतो. समुद्राचा वाराही येतो आणि तुझ्या पाचच्या नियमाची अंमलबजावणीही होते. पहिल्या सुराला चिसातो खेळ बंद करते. मला हाकही मारावी लागत नाही.

गावात तिच्या वयाच्या मुली कमीच, त्यामुळे सुरुवातीला ती थोडी एकटी पडली होती. पण खेळात तिला एक मैत्रीण मिळाली आहे. नाव पुडिंग. म्हणजे खेळातलं नाव. सहावीतली आहे आणि पार होक्काइदोत राहते. मी पलीकडच्या खोलीत पट्ट्या लिहीत असतो, तेव्हा भिंतीपलीकडून चिसातोचं हसू ऐकू येतं. ते ऐकून माझा हात हलतो आणि एखाद्या पितराच्या अक्षराचं शेपूट लांबतं. ते चालवून घेतील.

काल ती मला एकदा ‘तू’ म्हणाली. मग ओठ चावून ‘तुम्ही’ म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

खरंच आभार.
कुनिहिको


७ ऑगस्ट

मिवाको,

इकडे सर्व उत्तम. चिसातोची प्रकृती ठीक. जेवण वेळेवर. सुट्टीचा अभ्यास चालू आहे. संशोधनाच्या गृहपाठाला तिने ‘टोफू कसा घट्ट होतो’ हा विषय घेतला असून तात्सुए आजी मार्गदर्शक आहे.

चौकीतले हवालदार मोरिवाकी येऊन गेले. कलिंगड खाल्लं. ते अधूनमधून असे येतात.

खेळाचा तिला कंटाळा आलेला दिसतो, सध्या बंद आहे. उकाडा वाढल्यामुळे खिडकी लावून घेतो. वातानुकूलन यंत्र दुरुस्त करून घेतलं.

तुझ्या घड्याळाबद्दलचं माझं मत थोडं सुधारलं आहे. मूल घरी आहे असं त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं तरी चालेल.

कुनिहिको


१० ऑगस्ट

मिवाको,

मागच्या पत्रातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खरं आहे आणि तरी ते पत्र खोटं आहे. ते फाडून टाक. हे जलद टपालाने पाठवतो आहे, उद्या तुझ्या हातात पडेल. फोन करणार होतो, पण तुझा तो शांत आवाज ऐकल्यावर मी ‘चुकून लागला’ म्हणून ठेवून दिला असता. स्वतःला ओळखून आहे.

आधी हे, की ती सुखरूप आहे. आत्ता माझ्यासमोर बसली आहे आणि या पत्रातली ओळ न् ओळ तपासते आहे.

पाच तारखेला संध्याकाळी मी पट्ट्या लिहीत होतो. भोंगा वाजला. दार सरकलं आणि चिसातो येऊन माझ्या चटईच्या काठावर उभी राहिली. कानावरचं यंत्र गळ्यात होतं.

“बाबा, पुडिंगने मला ‘आईला सांगू नकोस’ म्हटलं.”

एवढंच. घाईने नाही, रडून नाही. (ती म्हणते, ‘रडून नाही’ हे नक्की लिही.) तू पलीकडच्या माणसाकडून पत्ता काढून घेतेस ना, तसं, आधी महत्त्वाचं.

मी ब्रश खाली ठेवला आणि काय झालं ते विचारलं. तिने तुझा एकही नियम मोडलेला नव्हता. नाव सांगितलं नव्हतं, फोटो पाठवला नव्हता, गाव सांगितलं नव्हतं. नियम मी मोडला होता. खेळताना आवाज बंद ठेवायचा असं तू लिहिलं होतंस. पोर एकटी पडलीय, बोलू दे थोडं, असं म्हणून ते कानाला लावून बोलायचं यंत्र मीच तिला आणून दिलं. पुडिंगचा आवाज बारीक, चित्रपटातल्या बाहुलीसारखा. तो खेळात बदलून घेता येतो, हे मला आता कळलं.

आणि खिडकी सताड उघडी.

तिने खेळ बंद करायच्या आत भोंग्याचे सूर तिच्या यंत्रातून पुडिंगच्या कानात गेले. पुडिंग म्हणाली, “अय्या, ही धून! म्हणजे तू त्या बंदराच्या गावची? मी पण आलेय ना शेजारच्या गावात, आजीकडे! बोनच्या नाचाला ये. देवळाच्या मागे भेटू, दोघीच. आईला सांगू नकोस हं, गंमत जाईल.”

जगात दुसरीकडे कुठेही न वाजणारी धून. मी तुला किती ऐटीत लिहिलं होतं ते आठवतंय ना? मोरिवाकी म्हणाले की कुठल्या गावात कुठली धून वाजते याचे संग्रह लोक हौसेने करतात, नेटवर सगळ्या ऐकायला मिळतात. “मास्तर, मुलं घरी यावीत म्हणून आपण भोंगा लावला. त्यावरून कुणी गाव ओळखेल, हे आमच्याही डोक्यात आलं नव्हतं.” एका मुलीने इतक्या निगुतीने झाकून ठेवलेलं गाव आम्ही सगळ्यांनी मिळून खांबावरून ओरडून सांगितलं.

मी तिला रागावलो नाही. त्यात माझा शहाणपणा काही नाही. रागवायला वेळच नव्हता, म्हणून बरं झालं. तिला घेऊन तसाच चौकीवर गेलो. जिल्ह्याच्या ठाण्यातून एक बाई आल्या, चिसातोशी खेळाबद्दल इतक्या समजून बोलल्या की पोर त्यांना स्वतःचं खेळातलं घर दाखवू लागली. खेळातलं काही पुसून टाकू नका म्हणाल्या, सगळ्या निरोपांचे फोटो घेतले, खेळ चालवणाऱ्यांना कळवलं. दोन दिवसांनी मोरिवाकी कलिंगड खायला आले ते हेच सांगायला. पुडिंग सहावीतली नाही. मुलगी नाही. लहानही नाही. आणखीही मुलींशी बोलत होता. बाकीचं आमच्यावर सोडा, म्हणाले. सालीपर्यंत खाल्लेलं कलिंगड त्यांनी ताटलीत ठेवलं आणि उठताना चिसातोला सलाम केला. खराखुरा, टाचा जुळवून.

इथपर्यंत मी तुला लगेच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. आता खालचा भाग बसून वाच.

मोरिवाकी गेल्यावर मी तिला म्हणालो, “आईला आत्ताच नको सांगायला. उगाच काळजी करत बसेल.” माझ्या आवाजात लाडीगोडी होती. मग मी बसून ते सात तारखेचं पत्र लिहिलं. पाकीट चिकटवताना तिने विचारलं,

“पुडिंगचं लिहिलंत?”

“सवडीने लिहू.”

ती चपला घालून खाली गेली. माझा फोन थरथरला, ‘आपले मूल घराबाहेर पडले आहे.’ मी म्हटलं, टोफूचा गृहपाठ असेल, आणि पत्र पेटीत टाकून आलो.

थोड्या वेळाने तात्सुए आजी ओल्या हातांनी वर आली. दारातच उभी राहिली.

“मास्तर, तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय.”

“कुणाची?”

“तुमच्या पोरीची. खाली येऊन म्हणते, आजी, एक माणूस मला ‘आईला सांगू नकोस’ म्हणतोय. मी सुरीच उचलली! म्हटलं, कोण तो? नाव सांग. तर म्हणते, बाबा.”

मिवाको, मला न्यायशास्त्र येतं, व्याकरण येतं, समास सोडवायला येतो. यातलं काही कामाला आलं नाही.

“अहो, तोंड काय बघताय माझं? पाटीवर लिहिलंय, भीती वाटली तर इथे या. आली पोर. आता तुम्ही खाली या, आणि तिच्याशी नीट बोला. आणि येताना ती रिकामी बादली आणा, आलाच आहात तर.”

चिसातो दुकानाच्या मागे, टोफू गार करायच्या हौदाशेजारी उलट्या घमेल्यावर बसली होती. मला बघून उठली नाही.

“तू रागावलास?”

‘तू’ म्हणाली. या वेळी ओठ चावला नाही.

“नाही गं.”

“आईने ‘कुणीही असो’ लिहिलंय. तू विचारलं होतंस, मी येतो का त्यात. मग मी विचार केला. पुडिंगनेही आईला सांगू नकोस म्हटलं, तूही म्हटलंस. पुडिंगचं मी तुला सांगितलं. मग तुझं कुणाला सांगू? आई इथे नाही. मग आजीला सांगितलं.” मग म्हणाली, “तू पुडिंगसारखा नाहीस. मला माहितीये. पण नियम नियम आहे.”

मी शेजारी ओल्या फरशीवर बसलो. आजीने आम्हा दोघांना न विचारता गरम टोफूचं एकेक वाडगं दिलं आणि मला म्हणाली, “खा. आणि घरी जाऊन लिहा.” नंतर मोरिवाकींनाही तिने हे सगळं सांगितलं असावं, कारण काल ते रस्त्यात मला बघून हसू दाबत होते.

तरीही लिहायला मला तीन दिवस लागले. चिसातो रोज विचारत होती. आज तिने शाई स्वतः घोटली.

तुझ्या त्या कलमाला मी हसलो होतो. आभार कसे मानतात हे मला आता ठाऊक नाही, तरी मानतो. तू तिला घाबरायला शिकवलं नाहीस, सांगायला शिकवलंस. कोण सांगतंय, किती गोड बोलतंय, आपलं आहे की परकं, याचा हिशेब करत बसायचं नाही, एक वाक्य ऐकलं की उठून सांगायचं, एवढं साधं. मी तिला या सुट्टीत एक बीजाक्षर शिकवलं. तू शिकवलेलं त्याआधीपासून तिच्याकडे होतं आणि तेच उपयोगी पडलं. तात्सुए आजीचे आभार, तिच्या पाटीचे, तिच्या सुरीचेही. मोरिवाकींचे, ठाण्यातल्या बाईंचे. घड्याळाचेही मानतो. मूल घरी आहे एवढंच त्याला कळतं, घरात कोण शिरलंय ते नाही. पण ते आपलं काम करत होतं. पलीकडच्या खोलीत मेलेल्यांची अक्षरं लिहीत बसलेला मी होतो.

आता चिसातोने स्वतःच्या हाताने घातलेल्या ओळी: ‘आई, मी ठीक आहे. खेळ मीच बंद केला. आवाज चालू ठेवायला मला आवडलं होतं, म्हणून फक्त बाबाची चूक नाही. पाचचा भोंगा वाजायच्या आधी बाबा आता खिडकी लावतो आणि वाजून झाल्यावर उघडतो, त्याला वाटतं मला कळत नाही. बोनच्या नाचाला आजी आणि मोरिवाकीकाका बरोबर असतील तर जाऊ का? मी त्या देवळाच्या मागे जाणार नाही.’

तू हो म्हटलंस तर जाऊ. नाही म्हटलंस तर वरच्या खिडकीतून ढोल ऐकू येतो, तो ऐकू. तुला फोन करायचा असेल तर कर, अट मोडली असं मी धरणार नाही. ‘आग की रुग्णवाहिका’ असं विचारलंस तरी उत्तर देईन.

पत्र वाचून झाल्यावर चिसातोने मला विचारलं, “मग पुढच्या उन्हाळ्यात मी येणार ना?” मी म्हटलं, ते आई ठरवेल. ती म्हणाली, “तू आईला विचार ना.”

विचारत नाही. माझी भीती तेवढी लिहितो. त्या माणसाची भीती मला वाटली, पण ती आता पोलिसांकडे आहे. माझ्याजवळ उरली आहे ती ही, की तू तिला पुन्हा पाठवणार नाहीस. आणि नाही पाठवलंस, तर तुझं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

कुनिहिको